फोन माझ्याकडेच का येतो? भोसरीतल्या वर्कशॉपला प्रोसेस लावतानाच्या नोंदी (जून ते ऑक्टोबर २०२५)

आधी थोडं आमच्याबद्दल. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशिन शॉप आहे, दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापणारी मशिन) आणि माझ्यासकट आठ माणसं. सगळं जॉबवर्क, म्हणजे मटेरियल पार्टीचं (काम देणाऱ्या कंपनीचं) आणि मशिनिंग आमचं. बाबांनी एका सेकंडहँड लेथवर सुरू केलेलं, गेली सहा वर्षं मी बघते. बाबा अजून रोज दोन तास येऊन बसतात. सेटर, म्हणजे नवीन कामासाठी मशिन लावून देणारे, आमचे मामा, नात्यातले नाहीत पण बाबांच्या वेळेपासून आहेत. सुट्टी आमच्याकडे रविवारी नसते, गुरुवारी असते, इथल्या बऱ्याचशा कंपन्यांसारखीच. म्हणून खालचं बरंच काम गुरुवारी झालेलं दिसेल.

शॉप माझ्यावाचून चालावं म्हणून मी प्रोसेस लावल्या. हे लिहून ठेवतेय कारण सुरुवात करताना मला असं काही वाचायला हवं होतं. जे सापडलं ते सगळं मोठ्या कंपन्यांचं होतं, आठ माणसांच्या शेडमध्ये ते कसं बसवायचं हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

१ जून, रविवार

सुरुवात का केली ते सांगते. मे महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी बाहेर बाकावर बसले होते आणि चाळीस मिनिटांत मला अकरा फोन आले. इन्सर्टचं (मशिनवर बसवायच्या, धातू कापणाऱ्या तुकड्यांचं) कपाट उघडायचंय किल्ली कुठंय, पहिला पीस (सेटिंगनंतरचा, तो पास झाल्यावरच बाकीचे करायचे) बघायला कधी येताय, टेम्पो उभा आहे चलन कोण करणार. बाबांना बाहेर आणलं तेव्हा मी फोनवर ऑफसेट (मशिनमध्ये टाकायची टूलच्या मापाची दुरुस्ती) सांगत होते. त्यांनी काही म्हटलं नाही पण मला ते फार लागलं.

सकाळी साडेआठला जाते, रात्री आठला निघते, आणि दिवसभरात नेमकं काय केलं विचारलं तर सांगता येत नाही. तेव्हा आधी मोजायचं ठरवलं. खिशात एक छोटी वही, जो कोणी येऊन विचारेल किंवा फोन करेल त्याची एक रेघ आणि कशासाठी ते एका शब्दात.

८ जून, रविवार

सोमवारपासून आज संध्याकाळपर्यंत, गुरुवार सोडून सहा दिवस मोजलं. २११ रेघा. पार्टीचे "माल कधी मिळणार" ६४. टूल, इन्सर्ट, किल्ली ४१. "ताई पहिला पीस बघा" ३८. "पुढं काय लावू" ३३. ड्रॉइंग कुठंय, कुठली रिव्हिजन (ड्रॉइंगची आवृत्ती) १७. बाकी किरकोळ १८.

हे आकडे बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मला वाटायचं पोरांना जमत नाही म्हणून विचारतात. पण २११ मधल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी अशा होत्या की उत्तर फक्त माझ्या डोक्यात होतं किंवा वस्तू फक्त माझ्या ताब्यात होती. न विचारता त्यांनी काय केलं असतं? मशिन बंद ठेवून बसले असते.

म्हणून प्रोसेस या शब्दाचा अर्थ मी माझ्यापुरता असा धरलाय: हे काम कोण करणार, कधी करणार, बरोबर झालं हे कशावरून कळणार आणि अडलं तर कोणाला विचारायचं, एवढं भिंतीवर किंवा कागदावर असणं. बास.

१२ जून, गुरुवार

पहिली चूक पैशाची. एका ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून ५ तारखेला, मोजणी पूर्ण व्हायच्या आधीच, एक सॉफ्टवेअर वर्षभरासाठी घेतलं होतं, जीएसटी धरून १४,१६० रुपये. दोन गुरुवार त्यात पार्टी, पार्ट नंबर, मशिन, सगळं भरण्यात गेले. ते चालवायला प्रत्येक मशिनपाशी मोबाईल किंवा टॅब लागतो आणि आमच्या पोरांचे हात दिवसभर कूलंटने ओले असतात. हा साधा विचार मी विकत घ्यायच्या आधी केला नाही. पैसे परत मिळत नाहीत. सोडून दिलं.

आज कागदावर आले. जॉब कार्ड छापून घेतलं, २२ रकाने, छपाई १,८०० रुपये. पार्टी, पार्ट नंबर, चलन नंबर, सेटिंग सुरू, सेटिंग संपलं, सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ), दर तासाचं प्रॉडक्शन, मशिन का थांबलं, रिजेक्शन, रिवर्क, सगळं.

१७ जून, मंगळवार

जॉब कार्ड फसलं. काल दुपारी आमच्या लाइनवर चाळीस मिनिटं लाइट नव्हती, मी स्वतः तिथे उभी होते. आज कार्ड बघितलं तर त्या तासातही पूर्ण प्रॉडक्शन लिहिलेलं. ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला ताई दिवसभर कुठं लिहीत बसू, सुट्टीच्या वेळी आठवून एकदम भरतो. खोटं लिहायचं असं त्याच्या मनात नव्हतं, २२ रकाने भरायला दिले तर माणूस असंच भरणार.

आज मामा, दोन्ही ऑपरेटर आणि मी चहाच्या वेळी बसलो आणि एकेका रकान्याला विचारलं की हे लिहिलं नाही तर काय अडेल. पाच उरले. पार्ट नंबर आणि रिव्हिजन, किती पीस करायचे, पहिला पीस कोणी पास केला, किती झाले, किती रिजेक्ट. दर तासाचं काढून टाकलं, त्याऐवजी जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि शिफ्ट संपताना एकदा काउंटर बघून आकडा. मागची कोरी बाजू "मशिन का थांबलं" यासाठी, वाटेल तसं लिहा. नवीन छपाई ६०० रुपये. जुन्या कार्डांचा गठ्ठा रफ कामाला.

हे आधी त्यांना विचारलं असतं तर १,८०० आणि पाच दिवस वाचले असते. कार्ड जो भरणार त्याच्यासोबत बसून बनवा, ऑफिसात एकट्याने बनवू नका.

२४ जून, मंगळवार

१९ ला माऊलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान झालं आणि आमचे पॅकिंगवाले काका दरवर्षीप्रमाणे दिंडीत गेले, आता आषाढी झाल्यावरच येणार. रजा आधीपासून माहीत होती, त्यांच्या जागी हेल्पर उभा केला होता. काल एका पार्टीकडून दोन क्रेट परत आले, पीसवर गंजाचे ठिपके.

एका पार्टीला माल तेल लावून, गंज न धरणाऱ्या व्हीसीआय पिशवीत, एका क्रेटमध्ये ४० पीस असा लागतो. दुसरीला बिनतेलाचा कोरडा लागतो कारण ते लगेच पुढे प्लेटिंगला टाकतात. काकांना हे तोंडपाठ, दुसऱ्या कोणालाच माहीत नाही, मलाही अर्धवटच. यंदा पाऊस मे अखेरीलाच सुरू झाला, हवेत इतका दमटपणा की बिनतेलाचे पीस दोन दिवसांत गंज धरतात. तीन तास दोन माणसं पीस घासत बसली आणि मी स्वतः गाडीत टाकून चाकणला नेऊन दिले, मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकून येऊन-जाऊन दुपार संपली.

काकांना फोन केला. ते जेजुरीच्या वाटेवर होते, मागे टाळांचा आवाज येत होता. चालता चालता त्यांनी अकरा पार्ट्यांचं पॅकिंग मला सांगितलं आणि मी लिहून घेतलं. वाईट वाटलं की वारीत असताना माणसाला हे विचारावं लागतंय. आता प्रत्येक पार्टीचा एक कागद केलाय, वर बरोबर पॅक केलेल्या क्रेटचा फोटो, खाली तीन ओळी: तेल हो/नाही, पिशवी कुठली, किती पीस. लॅमिनेट करून पॅकिंग टेबलाच्या वर दोरीला लावले.

२६ जून, गुरुवार

आजचा पूर्ण दिवस इन्सर्टच्या कपाटाला दिला. ४१ रेघांचं मूळ हेच होतं.

कपाटाला कुलूप का होतं तर इन्सर्ट महाग, एक साधारण २८० रुपयांचा, आणि पूर्वी हरवायचे म्हणून किल्ली माझ्याकडे. त्यामुळे धार गेली की ऑपरेटर मला शोधत यायचा, मी मीटिंगला बाहेर असले तर मेलेल्या धारेवरच चालवायचा आणि फिनिश खराब. २८० रुपयांच्या काळजीपायी किती गेलं त्याचा हिशोबच नाही.

कपाट रिकामं केलं तर मोठीच गोष्ट सापडली. सीएनएमजी १२०४०४ आणि १२०४०८ एकाच डबीत. दोन्ही सोनेरी, आकार तोच, वजन तेच, फरक फक्त टोकाच्या गोलाईत, एकाची ०.४ आणि दुसऱ्याची ०.८ मिमी. उजेडात शेजारी शेजारी धरून नखाने टोक चाचपलं तर कळतं, घाईत हातात आला तर नाही. मागच्या वर्षी एका शाफ्टच्या खांद्यापाशी बेअरिंग नीट बसत नाही म्हणून तक्रार आलेली, आम्ही प्रोग्रॅम तपासत बसलो होतो. आता वाटतं तेव्हा ०.८ चा लागला असणार, कोपऱ्यात मटेरियल राहणार आणि बेअरिंग टेकणार नाही.

काय केलं: प्रत्येक इन्सर्टचे दोन छोटे प्लॅस्टिकचे ट्रे, पुढचा आणि मागचा. पुढचा उघडा, ऑपरेटरने स्वतः घ्यायचा. पुढचा संपला की मागचा पुढे ओढायचा आणि त्यातलं लाल कार्ड माझ्या टेबलावरच्या खिळ्याला अडकवायचं. लाल कार्ड दिसलं की अकाउंटला अर्धा दिवस येणारी आमची मुलगी त्याच दिवशी ऑर्डर टाकते. ०४ च्या ट्रेला पिवळी पट्टी, ०८ च्या ट्रेला हिरवी, आणि दोन्ही वेगळ्या कप्प्यात. नवीन हवा तर वापरलेला टाकून घ्यायचा, चारही धारा संपल्यात ना एवढं बघायचं. कुलूप काढलं. खर्च २,९०० रुपये.

बाबांना कुलूप काढणं पटलं नाही. चोरी होईल म्हणाले. दोन महिने बघू असं ठरलं. (नंतरची भर: सप्टेंबरअखेर मोजलं, एकही इन्सर्ट कमी नाही आणि खर्च उलट थोडा उतरलाय, कारण आता चारही धारा वापरल्या जातात.)

४ जुलै, शुक्रवार

आजचा दिवस लिहायला जड जातंय.

२४० बुश (नळीसारखे पोकळ पार्ट) रिजेक्ट. पार्टीने एप्रिलमध्ये ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली होती. जुन्या सी रिव्हिजनमध्ये बोअर (आतलं भोक) २२ एफ७ होता, म्हणजे २२.०२० ते २२.०४१ मिमी. डी मध्ये २२ एच७ केला, म्हणजे २२.००० ते २२.०२१. आमचा लॉट २२.०३० च्या आसपास बनला. जुन्या ड्रॉइंगला अगदी बरोबर, नव्याला मोठा. बोअर लहान असता तर परत लावून वाढवता आला असता, मोठा झाला की संपलं.

त्यांच्या इन्स्पेक्टरने माझ्यासमोर प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, घेतलं. गो बाजू गेली, ती जायलाच हवी. मग गेज उलटं केलं आणि नो-गो बाजू, जी तोंडावरच अडायला हवी, ती कुठेही न अडकता सरळ आत गेली. एक, दुसरा, तिसरा पीस. चौथ्याला मी म्हटलं राहू द्या साहेब.

डेबिट नोट (पार्टी आमच्याकडून वळती करणार ती रक्कम) ३८,४०० रुपये, पीसला १६० प्रमाणे मटेरियल आणि आधीचं टर्निंग धरून. आमची मजुरी गेली ती वेगळी.

कारण शोधलं. नवीन ड्रॉइंग मेलवर आलं होतं, माझ्याच मेलवर, १६ एप्रिलला. मी उघडलं, बघितलं, नंतर प्रिंट काढू म्हटलं आणि राहिलं. मशिनवर जुनी प्रिंट, तीही फोटोकॉपीची फोटोकॉपी. कार्डवर "रिव्हिजन" रकाना होता, ऑपरेटरने हातातल्या प्रिंटवरचा सी इमानदारीने लिहिला. कार्ड बरोबर भरलं होतं, त्या सी ला ताडून बघायला दुसरीकडे काही नव्हतं.

आजपासून: ड्रॉइंगसाठी वेगळा मेल आयडी, तो रोज सकाळी दहाला अकाउंटवाली मुलगी उघडते. नवीन ड्रॉइंग आलं की त्याच मिनिटाला प्रिंट, त्यावर निळा शिक्का आणि तारीख, जुनी मशिनवरून काढून फाडायची, आणि भिंतीवरच्या एका यादीत पार्ट नंबरसमोर रिव्हिजन बदलायची. मामा सेटिंगच्या आधी कार्डवरचं अक्षर आणि यादीतलं अक्षर जुळवतात. निळा शिक्का नसलेल्या प्रिंटवर मशिन लावायचं नाही, मी स्वतः सांगितलं तरी नाही. शिक्का आणि फाइल मिळून ४५० रुपये.

१० जुलै, गुरुवार

"पहिला पीस बघा" यावर आले. गेल्या आठवड्यात मोजलं, पीस तयार होऊन मी तो पास करेपर्यंत मशिन सरासरी २० मिनिटं उभं. ३८ वेळा. म्हणजे ७६० मिनिटं, साडेबारा तासांच्या वर. तासाला ३५० रुपये आमचा रेट, आठवड्याला साडेचार हजारांच्या आसपास नुसती वाट बघण्यात.

मामांना म्हटलं पहिला पीस आता तुम्ही पास करायचा, कार्डवर तुमची सही. मामांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "ताई, माझ्या सहीनं माल गेला आणि परत आला तर?"

बरोबरच आहे. तीस वर्षं सेटिंग करणाऱ्या माणसाला पीस बघता येत नाही असं थोडंच आहे, त्याला भीती त्या ३८,४०० ची होती. सहाच दिवस झाले होते. मी कागदावर लिहून दिलं: मापं कार्डवर लिहिलेली असतील आणि गेजने तपासलेली असतील तर नंतर काहीही झालं तरी मामांच्या पगारातून एक रुपया कापला जाणार नाही. त्याखाली माझी सही आणि बाबांची सही. शिवाय कुठले पीस त्यांनी थेट पास करायचे आणि कुठल्यासाठी मला बोलवायचं हेही लिहिलं. नवीन पार्ट, नवीन रिव्हिजन, किंवा माप टॉलरन्सच्या (चालणाऱ्या मर्यादेच्या) अगदी काठावर असेल तर मला. बाकी सगळं त्यांचं.

१९ जुलै, शनिवार

इथे माझी चूक लिहायलाच हवी. मामांनी पास केलेला पीस मी जाता येता उचलून परत मायक्रोमीटर लावत होते. सवयीने. तिसऱ्या दिवसापासून मामा परत "ताई एकदा बघून घ्या" म्हणायला लागले आणि रेघा पुन्हा वाढल्या. कारण मलाच कळत नव्हतं, शेवटी बाबांनी सांगितलं, "तू बघणारच असशील तर तो कशाला डोकं लावेल?"

आता मी दिवसाच्या शेवटी, कोणाचं लक्ष नसताना, चालू लॉटमधला एक पीस तपासते, पहिला नाही. काही सापडलं तर दुसऱ्या दिवशी मामांशी एकटीने बोलते. (नंतरची भर: तीन आठवडे लागले बसायला.) बाकी सगळ्या प्रोसेस एखाद्या गुरुवारी उभ्या राहिल्या, हीच एक तशी उभी राहिली नाही.

२२ जुलै, मंगळवार

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट: पांढरा बोर्ड आणि मॅग्नेट, १,१५० रुपये. तीन मशिन, प्रत्येकासमोर तीन जागा, चालू, पुढचा, त्याच्यापुढचा. रोज साडेचारला मामा आणि मी दहा मिनिटं उभ्याने बोर्ड लावतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी साडेचारपर्यंत क्रम बदलायचा नाही. "पुढं काय लावू" पहिल्याच आठवड्यात जवळजवळ थांबलं.

अर्जंट जॉब आला की तो फक्त "त्याच्यापुढचा" या जागी घालायचा. पार्टी कितीही ओरडली तरी चालू सेटिंग मोडायचं नाही, कारण मोडून परत लावायला दीड-दोन तास जातात. हा नियम मी आत्तापर्यंत दोनदा मोडला, दोन्ही वेळा मोडलेला जॉबही उशिरा गेला आणि अर्जंटसुद्धा.

२ ऑगस्ट, शनिवार

पार्टीचे फोन. यावर उपाय म्हणून बोर्डवरून बघून रोज सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच वाजता अकाउंटवाली मुलगी प्रत्येक पार्टीला व्हॉट्सॲप करणार, तुमचा अमुक लॉट आज इतका झाला, डिस्पॅच अमुक दिवशी.

पहिल्या आठवड्यात तिने सोय म्हणून ग्रुप केला आणि एका पार्टीला दुसऱ्या पार्टीचं नाव आणि क्वांटिटी दिसली. दोघे एकाच धंद्यातले. मला जाऊन माफी मागावी लागली आणि ती मी मनापासून मागितली, कारण तो माल त्यांनी विश्वासाने दिलेला असतो. तिला मी "ग्रुप करायचा नाही" असं सांगितलंच नव्हतं तेव्हा दोष तिचा नाही. आता प्रत्येकाला वेगळा मेसेज, पाठवायच्या आधी नाव दोनदा वाचायचं. वेळ जास्त लागतो, वीस मिनिटं, चालेल.

काही पर्चेसवाले मेसेज मिळूनही फोन करतातच. त्यांना वर साहेब विचारतात, त्यांना आवाज ऐकून खात्री हवी असते. तेवढे फोन राहणार.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी ३१ ला आल्या, १ ला पूजन. दोन्ही दिवस शॉप चालू होतं आणि मी घरी होते. सहा वर्षांत पहिल्यांदा गौरीच्या दिवशी मी पूर्ण दिवस घरी. हीच परीक्षा असं ठरवून फोन सासूबाईंकडे दिला आणि मामांना सांगितलं, आग लागली किंवा कोणाला लागलं तरच.

३१ ला काहीच नाही. १ ला साडेबारा वाजता, नैवेद्याचं ताट वाढत होते, फोन वाजला. एक लाखाच्या वरचा माल जायचा होता म्हणून ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) लागणार, आणि लॉगिनचा ओटीपी माझ्या मोबाईलवर. एक एप्रिलपासून ई-वे बिलच्या पोर्टलला सगळ्यांनाच ओटीपी सक्तीचा झालाय, ते माहीत होतं, पण तो कायम माझ्या शेजारीच वाजायचा म्हणून ही पण एक किल्लीच आहे हे डोक्यात आलंच नव्हतं. सासूबाईंनी आकडे वाचून दाखवले, काम झालं.

काल पोर्टलवर अकाउंटवाल्या मुलीच्या नावाने सब-युजर काढला, ओटीपी तिच्या नंबरवर. पंधरा मिनिटांचं काम. मग बसून अजून कशाकशाचे ओटीपी आणि पासवर्ड फक्त माझ्याकडे आहेत याची यादी केली: वीजबिल, जीएसटी, कुरियर, दोन पार्ट्यांची व्हेंडर पोर्टल्स. बँक सोडून बाकीचं वाटून दिलं.

तुम्ही हे करत असाल तर एक पूर्ण दिवस खरोखर जाऊ नका. कागदावर बघून जे सापडत नाही ते त्या दिवशी सापडतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

वसुली. आधी हातात पैसे कमी पडले की मी घाबरून फोन करत सुटायचे, एका दिवसात वीस फोन, मग महिनाभर काही नाही. आता दर सोमवारी ११ ते १२, टॅलीतून थकबाकीची यादी, जुन्यापासून सुरुवात, त्या तासाबाहेर वसुलीचा फोन नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या नियमामुळे मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरता येते. मी भांडायला हे वापरत नाही. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर, मुदत आणि देय तारीख छापायला लागले, एवढंच. अकाउंट्सवाल्यांना ती तारीख स्वतःलाच दिसते. एका पार्टीने नाराजी दाखवली, त्यांच्याकडे जाऊन बोलले, कामं चालू आहेत. जूनमध्ये थकबाकी ११ लाख ८० हजार होती, आज ७ लाख ४०.

२२ सप्टेंबर, सोमवार

जीएसटीचे नवीन दर आजपासून. आमचं जॉबवर्क १२ टक्क्यांवरून १८ वर गेलं. महिन्याच्या तारखांचं कॅलेंडर भिंतीवर आहेच (७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला थ्रीबी ही जीएसटीची रिटर्न), त्यातच ही तारीख लाल करून ठेवली होती. कालपर्यंतचं झालेलं सगळं काम कालच बिल केलं, टॅलीत दर बदलला, पार्ट्यांना शनिवारीच मेसेज गेला. सगळं अकाउंटवाल्या मुलीनेच केलं, मी संध्याकाळी दोन बिलं उघडून बघितली. २०१९ ला दर बदलले तेव्हा दुरुस्तीच्या नोटा काढण्यात आमचा आठवडा गेला होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

काल खंडेनवमीला मशिनची पूजा केली, झेंडूच्या माळा बोर्डलाही घातल्या, ते पोरांनी स्वतःहून केलं.

२२ ते २८ सप्टेंबर परत वही खिशात ठेवली होती. ८३ रेघा. पार्टीचे २७, टूल ६, पहिला पीस ९, पुढचा जॉब ४, ड्रॉइंग ३, आणि इतर ३४. "इतर" १८ वरून ३४ झालं, ते बघितलं: रजा, उचल, कंप्रेसरचा आवाज, एकाच्या मुलाच्या शाळेची फी. पूर्वी मी इतकी धावत असायचे की या गोष्टी घेऊन कोणी माझ्याकडे येतच नव्हतं. या रेघा मला कमी करायच्या नाहीत.

एकूण खर्च: सॉफ्टवेअर १४,१६०, दोन वेळची कार्डं २,४००, ट्रे २,९००, बोर्ड १,१५०, शिक्का-फाइल ४५०, म्हणजे २१,०६०. त्यातले पहिले १४,१६० आणि १,८०० पूर्ण वाया. डेबिट नोट वेगळी. वेळ: नऊ गुरुवार. आता मी बहुतेक दिवस साडेसहाला निघते. वाचलेल्या वेळात सप्टेंबरमध्ये दोन नवीन पार्ट्यांकडे स्वतः जाऊन आले, एकीचं ट्रायल लॉट चालू आहे.

राहिलेलं: क्वोटेशन अजून पूर्ण माझ्या डोक्यातच आहे. ड्रॉइंग बघून सायकल टाइम किती, रेट काय, हे बाबा आणि मी सोडून कोणाला येत नाही आणि आम्ही दोघंही अंदाजाने सांगतो. पुढचा गुरुवार त्याला. मागच्या ३० कोटेशनमध्ये लिहिलेला सायकल टाइम आणि कार्डवरच्या आकड्यांवरून निघणारा खरा सायकल टाइम शेजारी लावून बघायचाय, बाबा म्हणालेत ते पण येऊन बसणार. आणि मामांनी काल पूजेनंतर विचारलं की धाकट्या ऑपरेटरला साध्या पार्टवर पहिला पीस पास करायला शिकवू का, त्याच्यासाठीही तसाच कागद करून द्याल का. तो कागद आज दुपारी टाइप केला, सह्या उद्या.